शाळा विकास आराखडा: टक्क्यांवरून करायचा की वह्यांवरून?

खडूफळा:
आराखडा लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: 'निकाल 10 टक्क्यांनी वाढवणे.' त्याखाली डझनभर उद्दिष्टं, प्रत्येकापुढे कालावधी 'वर्षभर', जबाबदारी 'सर्व शिक्षक'. म्हणजे कधीच नाही आणि कुणीच नाही.

माझं म्हणणं, आराखडा मुलांच्या वह्या उघडून करावा. 52 वजा 27 चं उत्तर एक मूल 35 लिहितं. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ते सरळ 7 मधून 2 काढून मोकळं होतं. दुसरं 26 लिहितं. त्याला हातचा कळलाय, मोजताना एकाने चुकलंय. गुण दोघांनाही शून्य. पण पहिल्याला दशक सुटा करणं पुन्हा शिकवावं लागेल, दुसऱ्याला थोडा सराव पुरे. गुणतक्त्यात दोघं सारखेच 'अप्रगत'! अशी एकच अडचण धरा, सहा आठवड्यांची मुदत द्या, समोर एका शिक्षकाचं नाव लिहा. बाकीचं पुढच्या सत्रात बघू.

पटावरचा:
वह्या म्हणजे ज्याची त्याची नजर. ज्या शिक्षकाला 35 मधली चूक दिसत नाही, त्याच्या हातात आराखडा देणार का? आकडे हवेतच, आणि सरासरीचे नव्हे, गटवार हवेत. अमेरिकेत 2002 मध्ये झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याला कितीही नावं ठेवा. गरीब घरची, अपंग, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं यांचे निकाल वेगळे दाखवणं त्याने शाळांना भाग पाडलं. एरवी ती चांगल्या सरासरीखाली सुखाने झाकली जातात. वर्गातली वरची दहा मुलं नव्वदीत गेली की शेवटच्या बाकाकडे बघतो कोण?

खडूफळा:
गटवार आकडे मान्य. पण त्याच कायद्याने 2014 पर्यंत 100 टक्के मुलं अपेक्षित पातळीवर आणायची, असंही फर्मावलं होतं. ते झालं नाही, होणारही नव्हतं. आणि आकड्यावर नोकरी टांगली की काय होतं, ते अमेरिकेतल्याच अटलांटा शहरातल्या शाळांत दिसलं. 2009 च्या चाचणीत मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं मोठ्यांनी खोडून बरोबर केली. 2011 च्या चौकशी अहवालात 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. निकाल वाढला होताच की कागदावर.

सातवी_ब:
दोघांचंही छान चाललंय. अठ्ठेचाळीसचा पट, रोज सहा तासिका, वर माहिती भरायची ती वेगळीच. प्रत्येक वहीतली चूक कशामुळे झाली, हे शोधायचं कधी? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षं प्रयोग झाला: काही वर्गांत 13 ते 17 मुलं, काहींत 22 ते 25. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. आमच्या आराखड्यात पटसंख्येला रकानाच नाही. शिक्षकाने काय करावं याला मात्र पाच पानं.

पटावरचा:
पट कमी करणं मुख्याध्यापकाच्या हातात नसतं, त्याला पैसा आणि नेमणुका लागतात. वेळापत्रक असतं हातात. जे आपल्याच्याने होणार नाही ते लिहून आराखडा जाड होतो, इतकंच.

सातवी_ब:
हातात नाही म्हणून लिहायचंच नाही? मग वरच्यांना कळणार कसं? दोन याद्या करा, एक आमच्याकडून काय होईल त्याची, दुसरी तुम्ही काय द्यायचं त्याची. आणि दोन्हींवर सह्या घ्या.

खडूफळा:
दोन याद्या पटल्या. वेळेचं म्हणाल तर सगळ्या वह्या नकोतच. दर आठवड्याला वर्ग सुटताना एकच उदाहरण कागदाच्या चिठोऱ्यावर सोडवून घ्यायचं आणि चिठोऱ्यांचे तीन ढीग करायचे: जमलं, घसरलं, कळलंच नाही. गुण द्यायचे नाहीत. अर्ध्या तासात होतं. तेवढी एक तासिका वेळापत्रकात मोकळी ठेवायची.

सातवी_ब:
ती तासिका कुणाची काढणार, ते आधी सांगा. खेळाची किंवा चित्रकलेची असेल तर माझी सही नाही.

पटावरचा:
साप्ताहिक सभेची काढा. तिथे नाहीतरी परिपत्रकंच वाचतात.