कंबोडियातलं रस्त्यावरचं खाणं : तुमचे अनुभव लिहा

अंगकोर वाट बघून आलेले बरेच जण तिथल्या जेवणाबद्दल विचारलं की गप्प होतात. हॉटेलातला नाश्ता करून देवळात आणि देवळातून परत हॉटेलात, मग खमेर, म्हणजे कंबोडियन, चव कळणार कशी? ती भल्या सकाळी रस्त्याच्या कडेला, बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मिळते. म्हणून हा धागा. तिथे काय खाल्लंत, कुठे खाल्लंत, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातून बांतेय स्रेईच्या देवळाकडे जाताना प्रेआ दाक गाव लागतं. तिथे 'नुम बान चोक' खाल्लं आणि थेट आजीचे शिरवाळे आठवले. फरक एवढाच की इथलं तांदळाचं पीठ आधी आंबवतात, त्यामुळे शेवयांना किंचित आंबूस वास येतो. वर कोमट हिरवट-पिवळं कालवण: शिजवून कुटलेले मासे, नारळाचं दूध आणि क्रउंग. क्रउंग म्हणजे गवती चहाचे दांडे, हळद, लसूण, गलांगल (आल्यासारखा कंद), मक्रुत लिंबाची पानं यांचं वाटण. त्यावर कच्चं केळफूल, काकडी, चवळीच्या शेंगा, पाला. सगळं कालवून खायचं. मी दुसरा वाडगा घेतला. त्याच गावात रस्त्यालगतच्या कढयांत ताडाचा गूळ आटवत असतात, तोही घ्या.

*

मी मालवणकडचा, त्यामुळे प्राहोकला घाबरलो नाही. खारवून आंबवलेल्या माशांचा हा लगदा. आपल्याकडे सुकटीशिवाय पावसाळा जात नाही, तसं यांचं प्राहोकशिवाय चालत नाही. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी तोन्ले साप नदीला उलटं वाहायला लावतं, त्याच नावाचं तळं कैक पटींनी फुगतं, आणि पाणी ओसरताना मासळी अमाप सापडते. ती टिकवायची ही रीत. केळीच्या पानात भाजलेला प्राहोक गरम भाताबरोबर आणि कच्च्या वांग्याच्या फोडीबरोबर खा. वास घरभर होतो, पण चव फार खोल आहे.

*

आई शुद्ध शाकाहारी, म्हणून हे मुद्दाम लिहिते. भाजी दिसली तरी आत माशाचं पाणी असू शकतं, प्रत्येक वेळी विचारा. आईला सगळ्यात आवडलं क्रलान: चिकट तांदूळ, चवळी आणि नारळाचं दूध बांबूच्या नळीत भरून निखाऱ्यावर भाजतात, मग केळं सोलावं तशी नळी सोलायची. आणि 'नुम प्लाय आय': तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या, आत ताडगूळ, वर ओलं खोबरं. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "अगं, हे तर मोदकच, फक्त खोबरं बाहेर आलंय!"

*

आम्ही गेलो तेव्हा प्चुम बेन चालू होतं. पंधरा दिवस पितरांचे, महिना 'फोत्रबोत', म्हणजे आपला भाद्रपदच. 'बेन' हा शब्द 'पिंड'वरून आलेला. पहाटे विहारात भाताचे गोळे ठेवतात. बाजारात केळीच्या पानातले लांबट आन्सोम रचून ठेवलेले: चिकट तांदळात एकात डुकराचं मांस आणि मूग, दुसऱ्यात केळं. माझे वडील त्याच वर्षी गेले होते. एका बाईंनी पैसे न घेता केळ्याचा आन्सोम हातात ठेवला. मी तो तिथेच उभ्याने खाल्ला.

*

सकाळी घाईत असाल तर 'बाय साच च्रूक': कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे काप, भात, काकडी-मुळ्याचं आंबट लोणचं आणि वाटीभर सूप. स्कुन गावचे तळलेले कोळी (किडे) मी खाल्ले नाहीत, जमलं नाही. पण बायोनला मात्र नीट थांबा. जयवर्मन सातवा या राजाच्या या देवळाच्या भिंतीवर स्वयंपाकाची आणि बाजाराची शिल्पं आहेत, चिरलेल्या बांबूत धरून मांस भाजणारी माणसं आहेत. बाहेर आलो तर तशाच बांबूच्या चिमट्यात एक बाई कोंबडी भाजत होत्या.