पाठांतरापेक्षा आधी लॉग वाचायला शिका

'आधी कमांड पाठ करा, मगच लिनक्स सर्व्हरला हात लावा' हे मत मला पटत नाही. कमांड विसरली तर 'मॅन', म्हणजे लिनक्समधली माहितीपुस्तिका, उघडून सापडते. मशीन का बंद पडलं हे मात्र लॉगच, म्हणजे मशीनने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदीच, सांगतो. पण तो लॉग शिल्लक तर हवा! ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मामांच्या दुकानात जुनं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) होतं. वीज गेली की मशीन बंद, आणि लॉग दाखवणारी 'जर्नलसीटीएल' ही कमांड आधीच्या बूटचं, म्हणजे मशीन त्याआधी सुरू होतं तेव्हाचं, काहीच दाखवेना.

कारण असं, की सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा, सांभाळणारा प्रोग्रॅम) जो लॉग ठेवतो त्या जर्नलचं 'स्टोरेज' हे सेटिंग 'ऑटो' असेल आणि /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल, तर नोंदी फक्त रॅममध्ये राहतात, रीबूट झालं की गेल्या. डिरेक्टरी बनवा, मशीन रीस्टार्ट करा. पुढच्या वेळेपासून 'जर्नलसीटीएल -बी -१' दिलंत की मागच्या बूटच्या नोंदी समोर येतात.