कॉलमला खडी उघडी, बीमची सळई बाहेर: गिलावा सुरू करू द्यावा का?

मच्छेकर:
बेळगावजवळ मच्छेच्या पुढं खानापूर रोडला तळमजला आणि वर एक मजला असं घर चाललंय. स्लॅब ११०० चौरस फूट, ५ इंची, एम२० (दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीचं काँक्रीट) ठरलेला. कॉलम दहा, ९ बाय १५. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. काम मालासकट दिलंय, पैसे टप्प्याटप्प्यानं.

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट धरणाऱ्या पाट्या आणि टेकू, काढल्यावर हे दिसालंय: तीन कॉलमच्या बुडाला खडी उघडी, त्यातल्या एकात सळई आणि तिला वेढणारी रिंगसुद्धा दिसते. हॉलच्या बीमच्या पोटाला दोन फूट लांब सळई बाहेर. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली साडेचार इंची भिंत १० फुटांत १८ मिमी ओळंब्याबाहेर. स्लॅबच्या वरच्या अंगाला बारीक चिरा. पाणी पाच दिवस मारलं, तेही पाइपनं शिंपडून. ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) काढलेले नाहीत.

काँट्रॅक्टर म्हणतो, सिमेंटचं पाणी मारून घेतो, गिलाव्यात सगळं जातंय. सोमवारपासून आतला गिलावा काढणार, आणि त्याआधी स्लॅबच्या टप्प्याचे पैसे पाहिजेत म्हणून अडून बसलाय. मिरगाच्या आत घर झाकायचंय, त्यामुळं घाई आमचीही आहे. यात खरंच धोक्याचं काय, दुरुस्त होण्यासारखं काय आणि पैसे किती अडवायचे?

सळई_रिंग:
आधी तीन गोष्टी आजच करा. गिलावा थांबवा. हॉलच्या त्या बीमखाली टेकू परत लावा. वरच्या मजल्याच्या विटा आणि वाळू स्लॅबवर चढवू देऊ नका.

टेकू किती दिवसांनी काढले ते तुम्ही लिहिलेलं नाही. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस, ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवस ठेवायचे असतात, आणि हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसीला जोर उशिरा येतो, म्हणून त्याहून जास्त.

आता कॉलम. बुडालाच खडी का उघडी पडते? दहा फुटांवरून माल एकदम खाली सोडतात. खडी आधी जाऊन तळाला बसते, मागनं येणारी सिमेंटची राड पाटीच्या फटीतून गळून जाते, आणि व्हायब्रेटरची सुई तिथवर पोचतच नाही. माल दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकायचा नाही. त्यासाठी पाटीला मध्ये खिडकी ठेवतात किंवा कॉलम दोन टप्प्यांत भरतात.

पोकळी किती खोल ते मोजा. छिन्नी आणि हातोड्यानं सुटी खडी पाडत जा, घट्ट काँक्रीट लागेपर्यंत. कॉलमला रिंगेबाहेर ४० मिमी काँक्रीटचं आवरण (कव्हर) धरलेलं असतं. पोकळी त्या कव्हरातच संपली तर प्रकरण सोपं आहे: तारेच्या ब्रशनं घासायचं, धूळ उडवायची, रात्रभर ओलं ठेवायचं, सकाळी वरचं पाणी सुकू द्यायचं, एसबीआर लॅटेक्स (जुन्या-नव्याला चिकटवणारं रबरी द्रावण) आणि सिमेंटचा हात मारायचा आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर दाबून भरायचं. एका थराची जाडी आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलंच पाळायचं. मेस्त्रीच्या अंदाजानं नाही.

रिंग दिसतेय तो कॉलम वेगळा. पोकळी सळईच्या मागे गेली असेल तर सळईमागे निदान २० ते २५ मिमी जागा मोकळी होईपर्यंत फोडावं लागतं आणि न आकसणारं (नॉन-श्रिंक) मायक्रो-काँक्रीट ओतावं लागतं. पाटी बांधताना एका बाजूला वर तोंड उघडं ठेवायचं म्हणजे माल स्वतःच्या वजनानं भरतो, हवा अडकत नाही. फोडण्याआधी त्या कॉलमला मिळणाऱ्या सगळ्या बीमना टेकू पाहिजेत, आणि एका वेळी एकच कॉलम. तिन्ही एकदम उघडले तर दुरुस्तीतच इजा व्हायची. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअर उभा असल्याशिवाय करू नका.

सिमेंटचं पाणी मारणं म्हणजे नुसता रंग. आतली पोकळी तशीच राहते, आणि खानापूर बाजूच्या पावसात तिथूनच ओल सळईपर्यंत जाते. सळई गंजली की फुगते आणि गिलाव्यासकट काँक्रीटचा पापुद्रा पडतो.

ओळंबा:
कॉलमबद्दल वरच्यांशी सहमत. बीमबद्दल माझी काळजी जास्त आहे. पोटाची सळई दोन फूट दिसते याचा अर्थ कव्हर ब्लॉक (सळई पाटीपासून वर धरणारे ठोकळे) घातलेच नाहीत किंवा काँक्रीट टाकताना पायाखाली सरकले. मग उरलेल्या लांबीत २५ मिमी कव्हर असेल हे कशावरून? दिसत नाही तिथंही ५ मिमीच असू शकतं. स्लॅबलाही तीच शंका, तिथं निदान २० मिमी लागतं. कव्हर मीटर लावून सगळ्या बीमचं पोट आणि प्रत्येक खोलीत स्लॅबचे चार-पाच ठिकाणचे आकडे लिहून घ्या. ते यंत्र काँक्रीट न फोडता सळईची खोली दाखवतं.

कव्हर सगळीकडंच कमी निघालं तर दोन फुटांचा ठिगळ लावून भागत नाही, पूर्ण पोटाला पॉलिमर मॉर्टरचा थर द्यावा लागतो. नेहमीच्या गिलाव्याला कव्हर समजू नका, तो सुटतो.

क्यूब नाहीत म्हणता, तर ताकदीचा अंदाज असा काढायचा. आधी रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर ठोकून उसळी मोजणारा हातोडा. स्वस्त आणि झटपट, पण त्याच्या आकड्यात २५ टक्के इकडंतिकडं होऊ शकतं, म्हणून तो फक्त कमकुवत जागा शोधायला वापरायचा. मग त्या जागी अल्ट्रासॉनिक, म्हणजे काँक्रीटमधून आवाजाची लहर सोडणं: तिचा वेग सेकंदाला ३.५ किमीच्या वर असेल तर ठीक, त्याखाली गेला तर काँक्रीट संशयास्पद. तरीही शंका उरली तरच कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना. निदान तीन कोअर काढतात. त्यांची सरासरी क्यूबच्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. म्हणजे एम२० ला सरासरी १७, कमीत कमी १५. कोअर घेताना आधी सळई शोधून घ्या, नाहीतर तपासायला गेलेला माणूस तीच कापतो. उद्यमबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल विभागात आधी चौकशी करा. रिपोर्ट त्रयस्थाचा असला की काँट्रॅक्टरला वाद घालायला जागा राहत नाही.

स्लॅबच्या चिरा बहुधा पहिल्या काही तासांतल्या. कोरडा वारा आणि ऊन असलं की वरचं पाणी उडून जातं आणि ओलं काँक्रीट फाटतं. कडेनं आणि मध्ये मातीचे छोटे बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून बघा. ओल उतरली तर चीर आरपार आहे, तिथं पातळ इपॉक्सी किंवा ग्राउट आत सोडावं लागेल. उतरली नाही आणि रुंदी ०.३ मिमीच्या आत असली तर जिवाला घोर लावून घेऊ नका. पीपीसीला कमीत कमी १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस पाणी लागतं, आणि स्लॅबवर ते साठवून ठेवायचं असतं. शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत वाळून जातं.

मच्छेकर:
टेकू दहाव्या दिवशी काढलेत. आता परत लावायला सांगितलंय. काँट्रॅक्टर म्हणतो दुरुस्ती फुकट करून देतो, पण भिंत पाडणार नाही, गिलाव्यात ओळंबा काढून देतो. आणि पैशाचं कसं करायचं ओ?

ओळंबा:
दहाव्या दिवशी, तेही पीपीसीला. मग बीमचं पोट बघताना मधोमध उभ्या बारीक चिरा आहेत का तेही बघा. असल्या तर त्यांचे फोटो रुंदीसकट इंजिनिअरला दाखवा.

भिंतीला परवानगी ३ मीटरला ६ मिमीची. तुमची तिप्पट बाहेर. गिलाव्यात ओळंबा काढायचा तर एका बाजूला १२ मिमीचा थर ३० मिमी होतो. एकाच हातात तेवढा जाड थर दिला की ओझ्यानं घसरतो किंवा भिंतीपासून सुटतो, पुढे टकटक केलं की पोकळ वाजतं. वरचा जोर अंगावर नसलेली साडेचार इंची भिंत पाडून परत बांधायला दोन गवंड्यांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. त्यातल्या बऱ्याचशा विटा निघतात. मी पाडायलाच लावेन. ऐकलंच नाही तर दोन थरांत, मध्ये जाळी आणि पहिला थर खरबरीत ठेवून. काँक्रीट आणि वीट मिळतात त्या प्रत्येक सांध्यावर तर जाळी हवीच, नाहीतर वर्षभरात तिथं सरळ रेघ उमटते.

कागदपत्र_बघा:
पैशाचं. टप्पा पूर्ण अडवला तर माणसं दुसऱ्या साइटवर जातात, आणि मिरगाच्या तोंडावर परत मिळत नाहीत. पूर्ण दिला तर दुरुस्तीला कोणी फिरकत नाही. मधला मार्ग असा: दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या माणसाकडून लेखी काढून घ्या, त्याच्या दुप्पट रक्कम राखून ठेवा आणि बाकीचा टप्पा द्या. शिवाय एकूण कामाच्या ५ टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवायची, हे आता पुरवणी कराराला लिहून घ्या, ई-स्टॅम्पवर. करार कन्नडमध्ये लिहिला तर सही करायच्या आधी शब्द न् शब्द वाचून घ्या.

त्याच करारात गिलाव्याआधी तुमच्या इंजिनिअरची लेखी पसंती, दुरुस्तीच्या मालाचं नाव आणि पुढच्या स्लॅबचे क्यूब घाला. तुमच्या स्लॅबचं काँक्रीट बीम धरून १७-१८ घनमीटर होईल. त्याला तीन नमुने, म्हणजे २८ दिवसांचे नऊ क्यूब. मिक्सरला पाणी बादलीनं मोजून, पाइपनं नाही. हातमोजणीचं एम२० असेल तर ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरच्या वर जाऊ नये, आणि वाळूतली ओल त्यातून वजा.

आज फोटो काढताना शेजारी टेप धरा, खोलीचं नाव लिहायच्या पाटीवर लिहा. मग व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टानं एक साधं पत्र पाठवा: अमुक दोष दिसले, दुरुस्ती अमुक पद्धतीनं पाहिजे, इतक्या तारखेपर्यंत, तोवर गिलावा बंद. तोंडी भांडणाचा पुढं काही उपयोग नसतो.

काँट्रॅक्टर बदलायची पाळी आली तर आधी झालेल्या कामाचं मोजमाप दोघांच्या समोर, इंजिनिअरच्या सहीनं. हे राहिलं की नवा म्हणतो जुन्याचा दोष, जुना म्हणतो नव्यानं फोडलं.

रेरा कायद्याची पाच वर्षांची हमी इथं चालणार नाही. ती बिल्डरनं विकलेल्या घराला आहे, स्वतःच्या प्लॉटवर काँट्रॅक्टर लावला तर नाही. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंत फी नाही. तिथं त्या पत्राची पोच, मोजमाप आणि लॅबचा रिपोर्ट हेच चालतं.

सळई_रिंग:
एक राहिलं. बाहेरचा गिलावा पुढं घ्याल तेव्हा २० मिमी दोन थरांत, आणि प्रत्येक छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच काढून घ्या. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. खाच नसली की पाणी छज्ज्याच्या पोटानं भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वर ओल धरते. थर ओला आहे तोवर अर्ध्या इंची पट्टी दाबली की खाच होते, वाळल्यावर मात्र मशिननं कापावी लागते.