पी३एचटीनंतरचे पॉलिमर: बँडगॅप कमी करावा का?

प्रश्न (एम.एस्सी., रसायनशास्त्र): नमस्कार. सेंद्रिय सौरघटांसाठी नवे पॉलिमर तयार करणे हा विषय मी प्रकल्पासाठी घेतला आहे. पी३एचटी हे पॉलिमर साधारण ६५० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश शोषते आणि पीसीबीएम या फुलरीनसोबत त्याची कार्यक्षमता ४-५ टक्क्यांवर अडते. म्हणून कमी बँडगॅपचे (कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक लांब तरंगलांबीचाही प्रकाश शोषणारे) पॉलिमर बनवावे, असा माझा विचार आहे. ही दिशा योग्य आहे का?

उत्तर १: ग्राही (इलेक्ट्रॉन स्वीकारणारा रेणू) म्हणून फुलरीनच वापरणार असाल, तर आपला विचार योग्य आहे, कारण फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही आणि सगळा भार पॉलिमरवर येतो. मात्र २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी वाय६ हा ग्राही रेणू पुढे आणल्यापासून गणितच बदलले आहे. वाय६ स्वतः ९०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचा प्रकाश शोषतो. त्यामुळे त्याच्या जोडीला पीएम६ सारखे, सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपचे पॉलिमरच अधिक उपयोगी पडते, आणि या जोडीने तेव्हाच १५.७ टक्के कार्यक्षमता गाठली होती. बँडगॅपपेक्षा होमो पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची ऊर्जापातळी) खोल ठेवण्याकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण घटाचे व्होल्टेज पॉलिमरची होमो आणि ग्राहीची लुमो (सर्वांत खालची रिकामी ऊर्जापातळी) यांतील अंतरावर अवलंबून असते. पीएम६ मध्ये ही पातळी खाली आणण्यास फ्लोरिनचे अणू मदत करतात.

उत्तर २: वरील मताशी मी सहमत आहे, पण संश्लेषणाचा विचार आधीच करावा. अशी बहुतेक पॉलिमरे स्टिले अभिक्रियेने (कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या अभिक्रियेने) बनवतात. तिच्यातील कथिलाची संयुगे विषारी असतात, शिवाय प्रत्येक खेपेला रेणुभार बदलतो आणि त्याबरोबर घटाची कार्यक्षमताही. रेणुभार फार वाढला, तर पॉलिमर क्लोरोबेंझीनमध्येही नीट विरघळत नाही. थर एकसारखा बसला नाही, की दाता (इथे पॉलिमर) आणि ग्राही यांचे मिश्रण बिघडते, आणि एक्सायटॉन (प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन-छिद्र जोडी) तर जेमतेम १० नॅनोमीटर प्रवास करतो; तेवढ्यातच त्याला दोघांची सीमा गाठावी लागते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. विद्यार्थ्याला झेपेल असे एखादे पॉलिमर सुचवाल का?

उत्तर २: पीटीक्यू१० पाहावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पॉलिमरची रचना साधी आहे आणि ते स्वस्त कच्च्या मालापासून दोनच टप्प्यांत बनते. आधी तेच बनवून रेणुभार मोजावा, आणि मगच त्यातील क्विनॉक्झलीन या घटकावरील शाखांमध्ये आपले बदल करून पाहावेत.