मदत हवी आहे: हेडलाइट लावले की स्टिअरिंगवरची बटणं चुकीची वाचली जातात

नमस्कार मंडळी,

जुन्या गाडीत रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) आणि ७ इंची टचस्क्रीन बसवली आहे. स्टिअरिंगवरची बटणं त्याला जोडायला प्रो मायक्रो बोर्ड (एटमेगा ३२यू४) वापरलाय, तो यूएसबीवरून पायला कीबोर्ड म्हणून दिसतो. सगळी बटणं एकाच वायरवर, प्रत्येकाचा रेझिस्टर वेगळा. बोर्डाकडून ५ व्होल्टला १ किलोओहमचा पुल-अप (वायर ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर). कुठलं बटण दाबलं ते बोर्ड त्या वायरवरचा व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यात वाचून ओळखतो.

'पुढचं गाणं' ४७० ओहम, रीडिंग ३२७ च्या आसपास. 'आवाज वाढव' ६८० ओहम, ४१४. दोन्ही वेगळी ओळखायची सीमा ३७० वर ठेवली आहे. टेबलावर झकास, गाडीत चावी एसीसीवर (इंजिन बंद, फक्त वीज चालू) असली तरी झकास. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावला की ३२७ चे थेट ३८० होतात आणि गाणं बदलायच्या जागी आवाज वाढतो. पावसाळ्यात हे दोन्ही बंद ठेवून पणजीहून फोंड्याला कोण जाईल?

बोर्डावर ५ व्होल्ट पक्के मिळतात. इनपुटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, रीडिंगची थरथर गेली पण ३८० काही हलेना. बक कन्व्हर्टरची (१२ चे ५ व्होल्ट करणारा) मायनस वायर थेट बॅटरीवर आहे, स्टिअरिंगची अर्थ (ग्राउंडची वायर) गाडीच्या बॉडीला.

शिवाय मागचा कॅमेरा आपोआप उघडावा म्हणून रिव्हर्स लाइटची वायर १० आणि ३.३ किलोओहमच्या डिव्हायडरमधून (व्होल्टेज कमी करणारे दोन रेझिस्टर) घेतली आहे. हॉर्न मारला की कॅमेरा क्षणभर उघडतो. गॅरेजवाल्याचा सल्ला एकच: "पात्रांव, हें सगळें काडून उडय." (म्हणजे सगळं काढून फेकून दे.)

सीमा बदलून भागेल का? मला तरी तो जुगाड वाटतो.

---

प्रतिसाद:

सीमा बदलू नका, उद्या फॉगलाइट लावलेत की परत तेच. थरथर गेली आणि आकडा वरच राहिला, म्हणजे हा नॉइज नाही, दोन अर्थमधला फरक आहे. रीडिंगची १ पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. तुमच्या ५३ पायऱ्या म्हणजे इनपुटवर पाव व्होल्ट, आणि पुल-अपचा हिशेब धरला तर दोन अर्थमध्ये ०.४ च्या जवळपास.

इंजिन, लाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवून मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन बॉडीवर धरा. तिथेच ०.३-०.४ दिसले तर बॅटरीकडून बॉडीला येणारी जाड पट्टी सोडवून बोल्ट घासा. गाडी समुद्राकाठी उघड्यावर असते का? आमच्याकडे मिरामारच्या गाड्यांचे हे बोल्ट हमखास गंजलेले निघतात. मग बोर्डाची अर्थही स्टिअरिंगची वायर जिथे बॉडीला जाते तिथूनच घ्या, बॅटरीवरून नको.

रिव्हर्ससाठी डिव्हायडर काढून पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडाने सिग्नल देणारा, दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) लावा. त्याच्या एलईडीला २.२ किलोओहम सिरीजमध्ये आणि उलटा १एन४१४८ डायोड समांतर. ही एलईडी उलट दिशेने ६ व्होल्टच सोसते.

स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरना मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

---

धागाकर्ता:

मोजलं. बॅटरी मायनस ते बॉडी ०.३६. पट्टीचा बोल्ट हिरवा-पांढरा झालाय आणि पाना लावला तर फिरत नाही. डब्ल्यूडी-४० मारून ठेवलंय. तो तुटला तर नवीन पट्टी बॉडीला दुसऱ्या कुठल्या बोल्टवर घेतली तर चालेल?