थंडीत येलदरीला गळ सुकाच, कणकेत काय चुकतंय?

जिंतूरकर: राम राम मंडळी. दिवाळीपर्यंत येलदरी धरणाच्या मागच्या पाण्यात रोहू, मिरगल चांगले लागायचे. डिसेंबर लागला अन् सगळं बंद. तीन रविवार पहाटे सहाला जाऊन बसलो, साधी चिलापी नाही. आमिष तेच: कणीक, शेंगदाण्याची पेंड, वर दोन चमचे खोबरेल, बोराएवढा गोळा. मासे जमवायला पाण्यात चारा अर्धं घमेलं टाकतो. आमिष बदलू का जागा?

पूर्णाकाठ: लेकरा, आधी घरातली खोबरेलाची बाटली बघ. थिजली असंल. २४ अंशांच्या आसपासच ते गोठतं, अन् पाणी आत्ता त्याहून गार आहे. तुझा गोळा तळाशी मेणासारखा कडक होतो, वास आतच कोंडतो. मी एक आख्खा हिवाळा असाच घालवला. तेल सोड. गुळाच्या पाण्यात कणीक मळ, चिमूटभर हिंग, लसणाची एक पाकळी ठेचून टाक. पाण्यात विरघळणारा वास थंडीतही पसरतो. गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ, तुरीच्या दाण्याएवढा. गळही बारीक घे.

माशाचं अंग पाण्याएवढंच गार असतं. पाणी गारठलं की पचन मंदावतं, भूक मरते. त्यात अर्धं घमेलं चारा टाकलास तर तो तिथंच भागवतो, गळाकडं कशाला येईल? एक मूठ बास. रोहू-कटला थंडीत लवकर तोंड मिटतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) मूळचा थंड मुलखातला, तो खातो. त्याला उकिरड्यातलं गांडूळ लाव, तेही अर्धंच. अन् पहाटे नको रे बाबा. दुपारी १२ ते ४, उन्हानं उथळ पाणी जरा कोमट होतं तिथं, खोलाच्या कडेला बस.

सेलूवाला: काकांचं बरोबर आहे. थंडीत तरंगा (दोरीवरचं तरंगणारं बोंडूक) बुडत नाही, नुसता थरथरतो नाहीतर आडवा सरकतो. दुधना नदीवर तो बुडायची वाट बघत मी लई मासे घालवले. अन् तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारल्याबिगर बसू नको, ठेका त्यांचा असतो.

जिंतूरकर: काका, बाटली खरंच दगड झालती! काल साडेबाराला गेलो. गांडुळावर दोन सायप्रिनस, मोठा सव्वा किलोचा. गुळाच्या कणकेवर एक मिरगल, तरंगा सरकला तसाच ओढला. रोहू मात्र नाही.

पूर्णाकाठ: रोहूची घाई नको. संक्रांतीनंतर ऊन चढू दे, मग बघू.