किरायाची खोली ऑनलाइन पाहिली, मालक म्हणतो आधी गेटपासचे पैसे टाका

दिग्रसचा शेतकरी

नमस्कार मंडळी. मुलीला नागपुरात हिंगणा रोडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, होस्टेलच्या यादीत मात्र नाव लागलं नाही. निंदण-फवारणीच्या दिवसांत घडीघडी नागपूर गाठणं होत नाही, म्हणून मोबाइलवरच जाहिराती पाहतो आहे. दोन पुढे आल्या.

एक: वन बीएचके, पलंग-कपाट-एसी सगळं, किराया फक्त ५,५००. मालक स्वतःला फौजी सांगतो, बदली जम्मूला झाली म्हणे. चावी गार्डकडे आहे, पण फ्लॅट पाहायला गेटपास लागतो, त्याचे २,००० आधी टाका, नंतर किरायात वळते करू. त्यानं आपलं आधार अन् लष्करी कॅन्टीनचं कार्ड पाठवलं आणि माझंही आधार मागितलं.

दुसरी: वानाडोंगरीकडे खोली-किचन, ४,००० किराया, दोन महिन्यांचं डिपॉझिट. मालक त्याच घरात खाली राहतो. त्याचं म्हणणं, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, रजिस्ट्रेशनच्या भानगडीत कशाला पडता.

मुलगी सतरा वर्षांची आहे. पैसे केव्हा द्यायचे, कागद कोणते पाहायचे, करार कोणाच्या नावानं करायचा?

खापरी नाका

काका, पहिल्या नंबरला उत्तरही देऊ नका. फौजी, बदली, गार्डकडे चावी आणि गेटपास एवढं एकत्र आलं की पुढे तपासायचं काही उरत नाही. फौजीचं सोंग यासाठी की वर्दीवर कोणी शंका घेत नाही आणि समोर न येण्याचं कारणही आयतंच मिळतं. २,००० गेले की पुढचा फोन येतो: पैसे 'आर्मीच्या खात्यातून' परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा. खात्री पटावी म्हणून आधी एक रुपया मागतील आणि दोन परत पाठवतील. मग डिपॉझिटच्या आकड्याचा क्यूआर येतो आणि माणूस पैसे येणार समजून पिन दाबतो. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही.

त्यानं पाठवलेलं आधार बहुतेक आधी फसलेल्या कोणाचं तरी असेल. तुम्ही तुमचं पाठवलं की पुढच्या गिऱ्हाइकाला ते दाखवलं जाईल. खऱ्या मालकालाही सुरुवातीला मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून उतरवता येतं. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

जाहिरातीतले फोटो गुगल लेन्सला (फोटोवरून तोच फोटो नेटवर शोधायची सोय) लावून पाहा. तेच फोटो पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या फ्लॅटखाली दिसले तर विषय संपला. दिसले नाहीत म्हणून जाहिरात खरी, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

आता दुसरी. मालक खाली राहतो ही खूण बरी आहे, पण खाली राहणारा मालकच असेल असं नाही. जुना किरायदार महिनाभरात खोली सोडणार असतो, तो स्वतःच जाहिरात टाकतो, खोली उघडून दाखवतो, तिघांकडून डिपॉझिट घेतो आणि निघून जातो. इथं फोटो खरा, चावी खरी, पत्ता खरा. फक्त माणूस खोटा. म्हणून खोलीइतकाच माणूसही तपासायचा.

त्यासाठी सगळ्यात सोपा कागद म्हणजे लाइट बिल. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो, सोबत ४ अंकी बिलिंग युनिट. दोन्ही मागून घ्या आणि महावितरणच्या साइटवर बिल स्वतः उघडा. त्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका, फोटोतलं नाव कोणीही बदलतं. बिलावर नाव, पत्ता, मीटर क्रमांक आणि थकबाकी, चारही गोष्टी सापडतात. मग व्हिडिओ कॉल लावायला सांगा: रस्त्यावरच्या फाटकापासून सुरुवात, कॉल मध्ये न तोडता मीटरपाशी, तिथून खोलीत. मीटरवरचा नंबर बिलाशी जुळला पाहिजे. नंतर यूपीआयमध्ये त्याचा नंबर टाकून पैसे न पाठवता फक्त बँकेतलं नाव वाचा. बिलावरचं, आधारवरचं आणि खात्यातलं नाव एक असलं तर ठीक. बिल वडिलांच्या किंवा बायकोच्या नावानं असणं नेहमीचंच आहे, तेव्हा घरटॅक्सची पावती मागा. त्या पट्ट्यात काही ले-आउट ग्रामपंचायतीत येतात. तिथं नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा असतो, आपल्या गावच्या घराचा असतो तसाच. मालक बाहेरगावी आणि भाऊ किंवा जावई व्यवहार करत असेल तर कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार) पाहिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

खोली कोणीतरी आपल्या माणसानं डोळ्यानं पाहिल्याशिवाय टोकनही, म्हणजे खोली अडवायचा आगाऊ पैसाही, नको. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या भागातलं नागपुरात शिकणारं एखादं पोरगं पाठवा. अगदीच अडवायची असेल तर पाचशे-हजार, तेही खोली पाहिल्यावर, खात्यावर, आणि 'अमुक खोलीचं टोकन, डिपॉझिटात वळतं होईल, तारखेपर्यंत चावी न दिल्यास परत' असा मेसेज त्याच्याकडून घेऊन.

दस्तलेखक

कराराचं सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे मालकाला नीट सांगितलं की 'भानगड' म्हणणारे बरेच जण तयार होतात. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढाच दाखला, नोंदणी नव्हे.

खर्चाची भीती उगाच असते. अकरा महिन्यांचा एकूण किराया ४४,०००, त्यात ८,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे ७३३ मिळवायचे. या ४४,७३३ वर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबानं ११२ रुपये. नोंदणीचं सरकारी ऑनलाइन पोर्टल आकडा पूर्ण करून दाखवतं. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. वर दस्त हाताळणीचे काहीशे रुपये आणि एजंट घरी अंगठ्याचं मशीन घेऊन आला तर त्याची मजुरी. अर्धा-अर्धा वाटून घ्यायची रीत आहे, पण ते आधी बोलून ठेवा.

मुलगी सतराची, म्हणजे कायद्यानं अल्पवयीन. तिच्या सहीच्या कराराला अर्थ नाही. करार तुमच्या नावानं, 'राहणार व्यक्ती' म्हणून तिचं नाव आणि नातं आत लिहायचं. त्यामुळे नोंदणीसाठी आधारच्या मशीनवर अंगठा तुम्हाला द्यावा लागेल, आणि अडतं ते नेमकं इथंच. शेतातल्या कामानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आधारचं मशीन बोट घेत नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसा, दहाही बोटं लावून पाहा. एरवीही रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नसेल तर नागपूरला निघण्याआधी दिग्रसलाच आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, त्यालाही थोडे दिवस लागतात. आणि कोणी सांगितलं म्हणून आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्याचा वापर) लॉक केलं असेल तर ते उघडून ठेवा. पुष्कळदा दोष बोटाचा नसतो, लॉकचा असतो.

मसुद्यात चार गोष्टी स्वतः वाचा: डिपॉझिट खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, नोटीस एक महिन्याची की दोन, लॉक-इन (ज्याआधी खोली सोडता येत नाही ती मुदत) आहे का, रंगरंगोटीचे पैसे कापणार का. लॉक-इन सहा महिन्यांचा असला आणि पोरीला मध्येच होस्टेल मिळालं तर उरलेला किराया तुमच्या गळ्यात. मुदत संपूनही करार न वाढवता राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट किराया मागता येतो, म्हणून अकरावा महिना लागला की नूतनीकरणाचं बोला.

स्वाधार किंवा स्वयं योजनेत (होस्टेल न मिळालेल्या विद्यार्थ्यांना राहण्याचा खर्च देणाऱ्या सरकारी योजना) बसत असाल तर बाहेर किरायानं राहत असल्याचा पुरावा लागतो, तिथंही हा करार कामी येतो.

वऱ्हाडी पाहुणा

राजेहो, कागदाचं झालं, पन खोली पायनंबी काही कमी काम नाही. पाहाले जायचं त दुपारी तीन-चारच्या टायमाले जा. वरच्या मजल्याची खोली अन् डोक्यावर उघडा स्लॅब असला त मे महिन्यात तिथं पापड भाजून निघते. कूलर लावू देता काय, खिडकीले जागा हाय काय, कूलरचे पैसे महिन्याले येगळे घेता काय, हे जुलैतच इचारून ठेवा. उन्हाळ्यात इचारलं त मालक सांगन तो भाव.

दुसरं, मीटर. खोलीले सोतंत्र महावितरणचं मीटर असलं त बिल सरळ. सबमीटर, म्हंजे मालकानं आपल्या मीटरातून काढलेलं पोटमीटर, असलं त मालक युनिटमागं एकच दर लावते, अन् तो बहुतेक वरच्या टप्प्याचा असते. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या आत दर लय कमी, शंभरच्या वर एकदम चढते. एकटी पोरगी शंभरच्या आतच राह्यते, मंग तिनं मालकाच्या घरच्या एसीचा दर काऊन भरावा? दर करारात लिहून घ्या. खोलीत गेल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा, तारखेसकट.

नळ कोनत्या टायमाले येते अन् बोअरचं पानी पेता येते काय, हे मालकाले नाही, शेजारच्याले इचारा. पंखे किती, ट्यूब किती, कडी-कोयंडे धड हायत काय, हे कागदावर लिहून दोघाच्या सह्या. अन् कुलूप आपलं नवीन लावा. जुन्या किरायदारापाशी दुसरी चाबी राह्यलेली असते.

पुसद रोड

मध्येच विचारतो. आमच्याकडच्या एकानं अशाच 'गेटपास'ला पैसे टाकले आहेत, काल रात्री. पोलीस म्हणतात घटना नागपूरची, तिकडे जा. काही होतं का?

खापरी नाका

आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर परत मिळायची आशा असते, म्हणून बँकेच्या शाखेची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. गप्पा, फोटो, नंबर काहीही डिलीट करायचं नाही, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तिच्या लिंकसकट. 'तिकडे जा' हे चालत नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पिन त्यानं स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक सहसा हात वर करते. आणि 'पैसे परत मिळवून देतो, फी भरा' असा फोन आठवडाभरात येईल. तोही त्याच टोळीचा समजा.

दिग्रसचा शेतकरी

पहिला नंबर ब्लॉक केला. दुसऱ्यानं ग्राहक क्रमांक दिला, बिल त्याच्याच नावानं निघालं, थकबाकी नाही. नोंदणीला तयार आहे, पण म्हणतो खर्च तुमचा. आणि डिपॉझिट रोख मागतो आहे.

दस्तलेखक

खर्च अर्ध्यावर आणायचा प्रयत्न करा, नाहीच ऐकलं तरी दीड-दोन हजारांसाठी खोली सोडू नका. रोख मात्र नको. अंगठे लागले की त्याच बैठकीत डिपॉझिट खात्यावर टाका आणि चावी घ्या. रोखीवर अडूनच बसला तर रक्कम, तारीख आणि 'डिपॉझिटपोटी' हा शब्द असलेली सहीची पावती घ्या, आणि तीच रक्कम करारात आली आहे ना ते तपासा. नोंदणी मंजूर झाली की दस्त क्रमांक असलेली इंडेक्स टूची (नोंदलेल्या कराराचा सारांश) प्रत मिळते, ती तुमच्याकडेही ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात मालकानं द्यायची असते. दिली का ते विचारा, त्याची एक प्रत मुलीजवळ असू द्या.